रेव्हरंड गॅरी डेव्हिस: अंगठा, तर्जनी आणि बस्स

रेव्हरंड गॅरी डेव्हिस हा ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांची संसारातल्या सुखदुःखाची गाणी, आणि देवाची गाणी वाजवणारा अमेरिकन गिटारवाला. गिटार वाजवणाऱ्यांसमोर त्याचं नाव काढा, लगेच डोळे चमकतात. बाकीच्यांना विचारा, कोण हा? ब्लूजवाल्या रॉबर्ट जॉन्सनचं नाव निदान कानावरून गेलेलं असतं, बी. बी. किंग तर काय सगळ्यांनाच माहिती. या बाबाची गाणी मात्र दुसऱ्यांच्या तोंडून जगभर गेली आणि तो स्वतः कित्येक वर्षं न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या फुटपाथवर उभा राहून गात होता.

जन्म 1896 चा, अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनात लॉरेन्सला. तान्हा असतानाच दृष्टी गेली. आठ भावंडं, त्यातली मोठी होईपर्यंत जगली दोनच. आजीनं वाढवलं. लहानपणी पहिल्यांदा गिटार कानावर पडली तेव्हा त्याला वाटलं की ब्रास बँडच चाललाय, असं तो पुढे सांगायचा. मला तर वाटतं त्याचं सगळं वाजवणं त्या एका गैरसमजातून निघालंय, कारण त्याची गिटार खरोखर तशीच वाजते, खाली ढोल-ट्यूबा, मध्ये कुणीतरी उत्तरं देतंय आणि वर कॉर्नेटची सुरावट, आणि हे सगळं एक माणूस करतोय.

तेही उजव्या हाताच्या दोन बोटांनी! अंगठा आणि तर्जनी, दोन्हीवर पिक, म्हणजे तार छेडायची नखी. त्या भागातल्या, म्हणजे पिडमाँट ब्लूजवाल्यांच्या वाजवण्यात साधारण असं असतं की अंगठा बेसचा, म्हणजे खालच्या जाड सुरांचा, ठेका धरून राहतो आणि बोटं वर चाल वाजवतात. डेव्हिसचा अंगठा एका जागी बसतच नाही. मध्येच वरच्या तारांवर चढतो, तर्जनीबरोबर आळीपाळीनं एक झरझर तुकडा मारतो आणि ठेका न सोडता परत खाली. शिवाय कधीकधी बेसच्या सुरांचा क्रमच उलटा. त्यात डावं मनगट मोडून वाकडं जुळलेलं, त्यामुळे त्याच्या काही कॉर्ड्स (एकत्र वाजवायचे सूर) सरळ मनगटाच्या माणसाला धरताच येत नाहीत. लोकगीतं गाणाऱ्या पीट सीगरच्या टीव्ही कार्यक्रमातलं त्याचं वाजवणं व्हिडिओवर आहे, मी ते स्पीड कमी करून बघितलंय, काही उपयोग नाही, अजून जास्त गोंधळ होतो.

तरुणपणी तो नॉर्थ कॅरोलिनातल्या डरॅमला होता. तंबाखूचं गाव, कारखान्यांत पगार झाला की बाहेर गाणाऱ्यांची गर्दी. तिथे ब्लाइंड बॉय फुलर त्याच्याकडून बरंच शिकला आणि पुढे शंभराहून जास्त गाणी रेकॉर्ड करून चांगला गाजला. 1935 मध्ये जे. बी. लाँग नावाचा एक दुकानाचा मॅनेजर दोघांना न्यूयॉर्कला रेकॉर्डिंगला घेऊन गेला. लाँगला ब्लूज हवे होते कारण खपायचे ते. डेव्हिसनं दोन ब्लूज दिले आणि मग अडून बसला, यापुढे फक्त देवाची गाणी! पैशांवरूनही वाजलं, आणि त्यानंतर बरीच वर्षं त्याचं रेकॉर्डिंगच नाही. फुलरनं ब्लूज गायले, रेकॉर्ड्स खपल्या. हट्टाची किंमत म्हणायची ती हीच, पण ती 1935 ची गाणी ऐकताना मला तरी त्याच्या हट्टाबद्दल तक्रार करवत नाही. काय तो आवाज, फाटका, ओरडा, जीव तोडून.

तीसच्या दशकातच तो बॅप्टिस्ट पाद्री झाला होता. चाळीसच्या दशकात बायको अ‍ॅनीबरोबर न्यूयॉर्कला आला आणि रस्त्यावर गाणं-प्रवचन सुरू केलं, आपल्या कीर्तनकारासारखं, मध्येच पद, मध्येच निरूपण. शिवाय घरी शिकवण्या, तासाला पाच डॉलर. आता तास म्हणजे नावाला, पोरं सकाळी यायची ती संध्याकाळी जायची. स्टीफन ग्रॉसमन पंधराव्या वर्षी त्याच्याकडे जायला लागला आणि पुढे आयुष्यभर त्यानं हेच वाजवणं पुस्तकांतून, व्हिडिओंतून लोकांना शिकवलं. डेव्ह व्हॅन राँक, डेव्हिड ब्रॉमबर्ग, रॉय बुक बाइंडर, ग्रेटफुल डेड या रॉक बँडचा बॉब वियर, सगळे त्याच्याकडे शिकायला गेलेले. गिटारवाला यॉर्मा कौकोनेन त्याच्या एका शिष्याकडून शिकला आणि आपल्या हॉट ट्यूना या बँडच्या 1970 च्या पहिल्या अल्बममध्ये डेव्हिसची गाणी घेऊन आला. ब्लूजचं मात्र गमतीशीर होतं. पाद्री माणूस, अ‍ॅनीलाही ती गाणी आवडायची नाहीत, त्यामुळे गायला का-कू करायचा, पण पोरांनी मागितली की शिकवायचा सगळी, ‘कँडी मॅन’सुद्धा.

पैसा आला तो 1962 मध्ये. पीटर, पॉल अँड मेरी या लोकगीतं गाणाऱ्या तिघांनी पहिल्या अल्बममध्ये त्याचं बायबलमधल्या सॅमसन आणि डलायलाचं गाणं घेतलं, अल्बम अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेला आणि त्या रॉयल्टीतून म्हाताऱ्यानं न्यूयॉर्कमधल्याच क्वीन्समध्ये घर घेतलं. पासष्टी उलटल्यावर! मला या तिघांचं ते गाणं जरा जास्तच गोड वाटतं, डेव्हिस गातो तेव्हा गोष्टीत सॅमसननं पाडलेलं देऊळ खरंच कोसळतं. पण घर त्यांच्यामुळे झालं हेही खरं. 1972 च्या मे महिन्यात कार्यक्रमाला जाताना न्यू जर्सीत हार्ट अटॅकनं गेला.

पहिल्यांदा ऐकणार असाल तर 1960 चा ‘हार्लेम स्ट्रीट सिंगर’ घ्या. न्यू जर्सीत साउंड इंजिनिअर रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत, जिथे जॅझवाल्यांचे एवढे गाजलेले अल्बम झाले, तिथे एकाच बैठकीत रेकॉर्ड झालाय. मध्येमध्ये तो ज्या गिटारशी बोलतो ती त्याची गिब्सन कंपनीची मोठ्ठी गिटार, तिला तो मिस गिब्सन म्हणायचा. हेडफोन लावून ऐका आणि आधी फक्त अंगठ्याकडे लक्ष द्या, बाकीचं दुसऱ्यांदा ऐकताना.