हिरवा दांडा कापायचा की ठेवायचा?

रविवारी सकाळी पांढऱ्या फॅलेनॉप्सिस ऑर्किडच्या दांड्यावरचं शेवटचं फूल गळलं. फेब्रुवारीत उमललेलं, अडीच महिने टिकलं. कात्री घेऊन गॅलरीत गेले, तर मागून सासूबाई म्हणाल्या, "अगं, दांडा हिरवागार आहे की! कशाला कापतेस?"

त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. हिरवा दांडा खालून दुसऱ्या-तिसऱ्या पेराच्या जरा वर कापला, तर पेरातल्या डोळ्यातून फाटा फुटतो आणि दोन-तीन महिन्यांत पुन्हा फुलं येतात. दांडा वाळून तपकिरी झाला असेल, तर मात्र बुडाशीच कापायचा. मीही आधी हिरवे दांडे ठेवायचे. पण आमच्या इंदूरात ते दोन-तीन महिने म्हणजे अख्खा उन्हाळा. रामबागेतल्या आमच्या गॅलरीत दुपारी गरम वाफा येतात. तीन वर्षांपूर्वी एका झाडाला मे महिन्यात अशी चार बारकी फुलं आली. पानं मात्र लुळी पडली, पावसाळाभर नवं पान आलं नाही आणि पुढच्या हिवाळ्यात बहरही नाही. तेव्हापासून मी दांडा हिरवा असला तरी बुडाशी दोन-तीन सेंटिमीटर ठेवून कापते. झाडाला पानं आणि मुळं करायला सवड हवी. नव्या दांड्यासाठी फॅलेनॉप्सिसला काही आठवडे २५ अंशांखालची गार हवा लागते, आणि दिवाळीच्या सुमारास माळव्याच्या रात्री ती आपसूक देतात.

डेंड्रोबियम या दुसऱ्या ऑर्किडचं गणित अगदी वेगळं. फुलून गेलेल्या कांडीची, म्हणजे उसासारख्या जाड खोडाची, पानं गळतात, ती पिवळट पडते, नुसती काठी वाटते. मी अशा तीन कांड्या एकदा मुळापासून कापल्या. कापल्यावर आत ओला हिरवा गर दिसला आणि पोटात धस्स झालं. त्या कांडीत झाडाचं पाणी आणि अन्न साठलेलं असतं, शिवाय जुन्या कांडीवरही पुन्हा फुलं येतात. ते झाड पुढे दोन वर्षं फुललं नाही. आता फुलांची सुकलेली काडी तेवढी काढते. कांडी बोटांनी दाबून बघते, अगदी चिपाड झालेली असेल तरच कापते. ऑन्सिडियम या तिसऱ्या ऑर्किडला मात्र विचार करावा लागत नाही. त्याचा दांडा सगळी फुलं गेल्यावर सरळ बुडाशी.

एका गोष्टीचा मी फार आग्रह धरते. प्रत्येक झाडानंतर कात्रीचं पातं गॅसच्या ज्योतीवर धरायचं, गार होऊ द्यायचं, मगच पुढच्या झाडाला लावायचं. सिम्बिडियम मोझॅकसारखा विषाणू रसातून पसरतो आणि त्याला औषध नाही. कापल्या जागी चिमूटभर दालचिनी पूड लावते, मुळांवर सांडू देत नाही, कारण ती मुळं सुकवते.

या वर्षी जांभळ्या फॅलेनॉप्सिसचा दांडा मी तिसऱ्या पेरावर कापून सासूबाईंसाठी ठेवलाय. सात जाड पानं आहेत, रुपेरी मुळं कुंडीबाहेर आलीत. त्याला झेपेल. मे लागायच्या आत कुंडी आतल्या खोलीत, पूर्वेच्या खिडकीशी न्यायची आहे. पाणी सकाळी सासूबाई घालणार आहेत.