सिंहगड रस्त्यावर पहिलं घर शोधताना: आधी पाणी बघा, मग हॉल

पुण्यात स्वतःचं घर घ्यायचं ठरलं तेव्हा आम्ही शोध सिंहगड रस्त्यापुरता ठेवला. मुलीची शाळा आनंदनगरला, नवऱ्याचं ऑफिस स्वारगेटला आणि कोथरूडचे भाव आवाक्याबाहेर. राजाराम पुलापासून नांदेड फाटा, किरकटवाडी आणि अलीकडे धायरी, एवढ्या पट्ट्यात पावसाळाभर फिरलो. सोबत माझे मामा होते. कराडला बांधकामावर मुकादमी करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. घर बघायचं तर पावसाळ्यातच, हा आग्रह त्यांचा आणि आता माझाही. एप्रिलमध्ये नवा रंग दिलेल्या भिंतीवर ओल सापडत नाही.

या पट्ट्याच्या एका अंगाला मुठा नदी आहे आणि दुसऱ्या अंगाला कालवा. 1961 चा पानशेतचा पूर घरोघरी ऐकलेला असतो, पण घर बघताना त्याची आठवण कुणी काढत नाही. 25 जुलै 2024 ला खडकवासला धरणातून विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरीत पाणी शिरलं, हे तर अगदी अलीकडचं. त्याच बाजूचा एक टू बीएचके एजंटने आम्हाला आवर्जून दाखवला. किंमत कमी, हवा मोकळी, बाल्कनीतून नदीकाठची झाडं. "दुसरा मजला आहे मॅडम, तुम्हाला काय भीती?" असं त्याचं म्हणणं. मामा वर आलेच नाहीत. खाली पार्किंगमध्ये फिरत राहिले आणि मला हाक मारली, "अगं, इकडे ये. मीटर कुठे आहेत बघ."

वीजमीटर कमरेएवढ्या उंचीवर होते. पाण्याचा पंप जमिनीलगत, टाकी जमिनीखाली. पूर आला तर दुसऱ्या मजल्यावरचं घर कोरडं राहील, पण वीज नाही, लिफ्ट नाही आणि टाकीत गाळमिश्रित पाणी. म्हणून नदीजवळची इमारत खालून वर बघा. पार्किंगच्या खांबांवर आणि कंपाउंडच्या भिंतीवर एका सरळ रेषेत डाग आहे का, मीटर नंतर वर उचलून बसवले आहेत का, टाकीच्या झाकणाला उंच कठडा आहे का. विकास आराखड्याच्या नकाशावर निळी आणि लाल पूररेषा असते. निळी साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. इमारत या रेषांच्या कोणत्या बाजूला आहे ते कागदावर बघितल्याशिवाय पुढे बोलू नका. आम्ही ते घर तिथेच सोडलं.

वडगावला सोसायटीतली रीसेलची घरं बघितली, आणि सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते इथेच. बहुतेक जण हॉलमध्ये उभं राहून सोफा कुठे ठेवायचा ते ठरवतात. मामा सरळ संडास-बाथरूमकडे जायचे. बाथरूमच्या मागची भिंत म्हणजे बहुधा बेडरूमची कपाटामागची भिंत. तिथे पोपडे आलेत का, खालच्या फुटाभर भागाचाच रंग वेगळा आहे का, हात लावल्यावर गारवा आणि पांढरी भुकटी लागते का, हे बघायचं. कपाट सरकवता येत नसेल तर दार उघडून आतला वास घ्या. बंद ओलीचा वास अत्तराने लपत नाही. एका घरी आम्ही जायच्या आधी सगळीकडे रूमफ्रेशनर मारलेला होता. मामांनी दारातच खिडक्या उघडायला लावल्या आणि सगळ्यांना दहा मिनिटं बाहेर थांबवलं.

मग बादलीभर पाणी मागायचं. बाथरूममध्ये आणि ड्राय बाल्कनीत ओतायचं आणि ते जाळीकडे जातंय की कोपऱ्यात साचतंय ते बघायचं. फरशीवर किल्लीने टकटक करायची. पोकळ आवाज आला तर खालचा माल सुटलेला असतो. सगळे नळ एकदम सोडून फ्लश ओढायचा, म्हणजे दाबाचा अंदाज येतो. शॉवरच्या जाळीवर पांढरे क्षार साठले असतील तर समजा, घराला बहुतेक बोअरचं पाणी आहे. सगळ्यात वरचा मजला असेल तर गच्चीवर जाऊन या आणि घरातल्या पीओपीवर पिवळट कडांचे गोल डाग शोधा. स्लॅबच्या किंवा बीमच्या खालच्या बाजूचं प्लास्टर फुगून लांब भेग पडली असेल तर आतली सळई गंजत असण्याची शक्यता मोठी. केसासारखी बारीक प्लास्टरची भेग आणि ही भेग यांत फरक आहे. शंका आली तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला पैसे देऊन घर दाखवा. घराच्या किमतीपुढे त्याची फी किरकोळ असते.

शेजाऱ्यांशी बोलायला लाजू नका. विकणाऱ्याच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांची बेल वाजवून "वरून गळतं का हो?" असं आम्ही सरळ विचारायचो. लोक मनमोकळं सांगतात. एका ठिकाणच्या काकूंनी आत बोलावून छत दाखवलं, चहा पाजला आणि सोसायटीची बैठक कशी भांडणात संपते तेही सांगितलं.

किरकटवाडी, नांदेड, धायरी इकडे घरं मोठी आणि नवी मिळतात. इथला पहिला प्रश्न एकच: प्यायचं पाणी कुठून येतं? जानेवारी 2025 मध्ये जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम करणारा आजार) रुग्ण वाढले ते याच भागात, आणि दूषित पाण्याची चर्चा तेव्हापासून आहे. "महापालिकेचं कनेक्शन आहे" या उत्तरावर थांबू नका. पाणी रोज येतं का, किती वेळ, आणि टँकर किती लागतात ते विचारा. सोसायटीच्या सेक्रेटरीकडे मागच्या मे महिन्याचं टँकरचं बिल मागा. मेंटेनन्सचा खरा आकडा तिथे कळतो. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) घेऊन फिरणारे भेटतील, पण तो फक्त क्षार सांगतो, जंतू नाही. क्लोरीन तपासायचं छोटं किट जवळ ठेवा आणि नळाचं पाणी तिथल्या तिथे बघा.

बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पांत सॅम्पल फ्लॅटवर जास्त वेळ घालवू नका. तिथला पलंग आखूड असू शकतो आणि खोल्यांना दारं नसतात, त्यामुळे जागा मोठी भासते. टेप घेऊन जा. भाव नेहमी रेराच्या (घरखरेदीदारांच्या संरक्षणाचा कायदा) व्याख्येतल्या कार्पेट क्षेत्रफळावर काढा. त्यात आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि डक्ट धरत नाहीत. जाहिरातीवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की महारेराच्या पानावर पूर्णत्वाची तारीख, मंजुऱ्या, कोर्टातले दावे आणि जमिनीवरचं कर्ज दिसतं. नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. सेल्स ऑफिसमध्ये कितीही घाई केली तरी हे विसरू नका.

पैशांचं गणित घर बघायच्या आधीच करून ठेवा. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क 7 टक्के, घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर 6. नोंदणी शुल्क 1 टक्का, पण जास्तीत जास्त 30,000 रुपये. चालू बांधकामाला सर्वसाधारणपणे 5 टक्के जीएसटी लागतो; भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला वापरण्याचा महापालिकेचा परवाना) मिळाल्यानंतर विकलेल्या घराला लागत नाही. रीसेलमध्ये सोसायटी ट्रान्सफरसाठी प्रीमियम मागते, त्याची कमाल मर्यादा 25,000 रुपये आहे. घराची किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर 1 टक्का टीडीएस (हा प्राप्तिकराचा, पाण्याचा नव्हे) खरेदीदाराने कापून भरायचा असतो.

कागदांपैकी भोगवटा प्रमाणपत्राबद्दल मी हट्टी आहे. "येईल लवकरच, अर्ज केलाय" हे आम्ही बऱ्याच ठिकाणी ऐकलं आणि प्रत्येक वेळी उठलो. जुन्या सोसायटीत जमिनीचं अभिहस्तांतरण (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का तेही विचारा. उद्या पुनर्विकास निघाला तर त्याची गरज पडेल. बाकी सूची 2 (दस्तनोंदणीचा उतारा), आधीच्या खरेदीखतांची साखळी, 30 वर्षांचा सर्च (मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध) हे वकिलाकडून करून घ्या. वकील स्वतः निवडा, एजंटने सुचवलेला नको.

आवडलेलं घर परत बघायला जा, तेही कामाच्या दिवशी सकाळी साडेआठ-नऊला. रविवारी दुपारी हा रस्ता मोकळा वाटतो. शाळेच्या बस आणि ऑफिसची गर्दी एकत्र आल्यावर तिथून स्वारगेटला पोचायला किती वेळ लागतो ते गाडी काढूनच बघा. रात्रीही एक फेरी मारा, पार्किंगवरून वाद आहेत का ते तेव्हा कळतं.

आमचं सध्या वडगावच्या एका पहिल्या मजल्यावरच्या घराचं बोलणं चालू आहे. बाथरूमच्या भिंतीला थोडी ओल आहे. मामांनी दुरुस्तीचा अंदाज काढून दिला आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करायला मालक तयार आहेत. टोकन चेकने दिलं. कर्ज नामंजूर झालं किंवा सर्चमध्ये दोष निघाला तर टोकन पूर्ण परत, असं पावतीवर लिहून दोघांच्या सह्या घेतल्यात. तोंडी कबुलीवर रोख टोकन देऊ नका, समोरचा माणूस कितीही ओळखीचा असो.