मिचोआकानचं लिंबू आणि किलोमागची खंडणी

मेक्सिकोतल्या ड्रग टोळ्या म्हटलं की भारतात कोकेन आणि अमेरिकेची सीमा आठवते. इथे मिचोआकान राज्यात मात्र त्यांची झळ लागते ती लिंबाच्या वजनकाट्यावर. आपात्सिंगान आणि बुएनाविस्ता भागातलं हे लिंबू म्हणजे आपल्या श्रीगोंद्याच्या बागांतलं कागदी लिंबूच.

हा मुलूख उष्ण आणि कोरडा. १९४७ पासून माजी राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास यांच्या देखरेखीखाली तेपाल्कातेपेक खोऱ्यात धरणं-कालवे झाले आणि कापूस, खरबूज, लिंबू यांची शेती वाढली. भोवतालच्या डोंगरात गांजा आणि अफू होतीच. १९७० च्या दशकात लष्कराने उत्तरेत सिनालोआच्या बाजूला ही पिकं उपटली, तसा धंदा दक्षिणेकडे सरकला. पुढे १९८२ च्या कर्जसंकटाने सरकारी पतपुरवठा आटला, १९९४ मध्ये मुक्त व्यापार आला. लहान शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा ठेवणारा उरला तो गांजाचा व्यापारी.

टोळ्या शेतमालावर का उतरल्या, हे लिंबाकडे पाहिलं की कळतं. झाड जवळजवळ वर्षभर फळतं, दर आठवड्याला तोडणी, दर आठवड्याला रोकड. माल थांबवता येत नाही. तोडणी लांबली की फळ पिवळं पडतं आणि भाव कोसळतो. शिवाय हजारो बागांचा माल मोजक्या पॅकिंग शेडमधून जातो. वसुलीला बागोबाग फिरायची गरजच नाही, शेडवाल्याला धमकावलं की पुरे. तो किलोमागे रक्कम कापून घेतो. समजा दोन पेसो (मेक्सिकोचं चलन). टनाला दोन हजार झाले. वर पॅकिंग करणारे, ट्रकवाले यांच्याकडून वेगळी वसुली. या खंडणीला इथे ‘पिसो’ म्हणतात.

‘काबायेरोस तेम्प्लारियोस’ ही टोळी २०११ मध्ये पुढे आली. तिने तर तोडणी कोणत्या दिवशी करायची हेही ठरवायला सुरुवात केली. ज्या मजुराचं पोट रोजंदारीवर, त्याची चूल त्या हुकमावर. २४ फेब्रुवारी २०१३ ला ला रुआना आणि तेपाल्कातेपेकच्या लोकांनी बंदुका उचलल्या. ला रुआनाचे पुढारी इपोलितो मोरा स्वतः लिंबूबागायतदार. ती टोळी मोडली, पण वसुलीची वाट तयारच होती. पुढच्या गटांनी ती आयती घेतली. बंदुका उचललेल्या लोकांच्या स्वसंरक्षण दलांतही टोळीची माणसं शिरली. जून २०२३ मध्ये मोरांची हत्या झाली.

ऑगस्ट २०२४ मध्ये खंडणीला कंटाळून या भागातल्या निम्म्याहून अधिक पॅकिंग शेडना कुलूप लागलं. नुकसान पहिल्यांदा झालं ते तोडणी मजुरांचं; शेड बंद म्हणजे त्या दिवशी काम नाही. आडरानाच्या वाटांवर टोळ्यांनी सुरुंग पेरल्यामुळे काही बागांत जाणंही जिवावरचं झालं आहे. तक्रार कुठे करावी, तर ऑक्टोबर २०२५ मध्ये आपात्सिंगानच्या लिंबू उत्पादक संघटनेचे अध्यक्ष बेर्नार्दो ब्रावो, जे खंडणीविरुद्ध उघड बोलत होते, मारले गेले.