पाचचा ठसा

आमचं दुकान कोल्हापूरच्या गुजरीत. मुख्य धंदा चांदीचा, आणि काउंटरच्या डाव्या टोकाला जुनी नाणी. ते टोक बाबांचं होतं, चार वर्षं झाली आता मी सांभाळते.

त्या शुक्रवारी अंबाबाईला आलेल्यांची गर्दी होती. त्यातच पंचविशीचा एक मुलगा आत आला आणि त्याने रुमालाची गाठ सोडली. आत पाच रुपयांचं जुनं, जाड, पांढरं नाणं होतं. एका बाजूला सिंहांची राजमुद्रा नेहमीसारखी उठावाची. उलटं केलं तर तिथेही तीच मुद्रा, पण खोल गेलेली आणि आरशात दिसावी तशी उलटी.

माझ्या छातीत धस्स झालं. आमच्या बाजारात अशा नाण्याला ‘लाखी’ म्हणतात. टाकसाळीत छापलेलं नाणं कधीकधी बाहेर न पडता वरच्या ठशालाच चिकटून बसतं. खाली नवी कोरी चकती येते. तिच्यावर एका बाजूने खरा ठसा बसतो, आणि दुसऱ्या बाजूने ते चिकटलेलं नाणंच ठशाचं काम करतं. म्हणून एकच चित्र दोनदा येतं, एकदा उंच आणि एकदा खोल.

मुलाने हे ऑनलाइन चार हजारांना घेतलं होतं, पहिल्या पगारातून. मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. त्यात अशा नाण्याला काही लाख मिळतात असं ठणकावून सांगत होते. जुन्या नाण्यांच्या असल्या फसव्या जाहिरातींबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२१च्या ऑगस्टमध्ये लोकांना सावध केलं होतं, पण ते त्याच्यापर्यंत कुठून पोचणार? त्याला लाख नको होते. गाडीचा हप्ता थकला होता, घातलेले पैसे सुटले तरी पुरे, म्हणाला.

मी नाणं काट्यावर ठेवलं. ९ ग्रॅम, हवं तेवढंच. भिंगातून सिंह पाहिले आणि पैशाच्या ड्रॉवरकडे हात गेला.

बाजूच्या स्टुलावर एक मामा बसले होते. मामींचं पैंजण सांधायला आणलं होतं. उद्यमनगरात तीस वर्षं पॉवर प्रेसवर काम केलेला माणूस. ते म्हणाले, “ताई, जरा बघू का?”

त्यांनी नाणं तळहातावर ठेवलं नाही. दोन बोटांत काठाने धरलं आणि ट्यूबलाइटखाली सावकाश फिरवलं. मग म्हणाले, “दाबलंय हे.”

मी म्हटलं, “मामा, वजन बरोबर आहे.”

“दाबल्यावर वजन कुठं जातंय? माल पसरतोय. व्हर्नियर लावा की.”

लावला. २३ मिलिमीटर हवा तो व्यास थोडा जास्त भरला. टाकसाळीत चकती कड्यात बसवून छापतात, कडं तिला पसरू देत नाही. उठावाच्या बाजूचे सिंह पुन्हा पाहिले, तर त्यांच्या छातीचा फुगीरपणा बसला होता. आधी मला ती झीज वाटली होती.

तरी मन मानत नव्हतं. तेव्हा मामांनी जे विचारलं, ते मी स्वतःला आधी विचारायला हवं होतं. “डायला पीस चिकटल्यावर ह्या खोल बाजूला पाचचा डाय शिवला का?”

नाही. शिवूच शकत नाही. पाचचा ठसा आणि चकती यांच्या मधे चिकटलेलं नाणं होतं ना.

मी भिंग परत उचललं. खोल सिंहांच्या बाजूला, काठाजवळच्या सपाट जागेत, पाचच्या आकड्याचं पोट होतं. चेपलेलं, पुसट, पण होतं. त्याच्या शेजारी फुलाची एक पाकळीही. म्हणजे हे नाणं टाकसाळीतून धडधाकट पूर्ण होऊन बाहेर पडलं होतं. नंतर कोणीतरी दुसऱ्या नाण्याची सिंहाची बाजू त्याच्या पाचवर ठेवून प्रेसमध्ये दाबली होती.

बाबांनी मला हे शिवराईवर, म्हणजे मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्यावर शिकवलं होतं. आमच्याकडे शिवराई घेऊन बरेच जण येतात. ‘श्री राजा शिव’मधलं अर्धं अक्षर चकतीबाहेर गेलेलं असतं, आणि ही टाकसाळीची चूक आहे, जास्त दाम द्या म्हणतात. बाबा समजावायचे की शिवराईचा ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा आणि घाव हाताने बसायचा. अक्षर बाहेर जाणं ही तिथली रीतच. तोच प्रकार आजच्या यंत्रावरच्या नाण्यात दिसला, तर मात्र चकती कड्यात नीट बसली नव्हती असा अर्थ होतो. नाणं घडलं कसं हे आधी, दोष नंतर. हे मला पाठ होतं, आणि त्या दिवशी नेमकं तेच माझ्याकडून राहून गेलं.

मामांना आता उत्साह आला होता. मी ड्रॉवरमधून कडेला अर्धगोल घास गेलेली दोन नाणी काढली. एक खरं, एक कानसीने घासलेलं. त्यांनी क्षणात खरं ओळखलं. चकत्या ज्या धातूच्या पट्टीतून कापतात ती पुरती पुढे सरकली नाही, की पंच आधीच्या भोकावर थोडा चढतो आणि पीस चंद्रकोरीसारखा तुटका पडतो, हे त्यांच्या रोजच्या कामातलं. खऱ्या नाण्यात त्या तुटीच्या बरोबर समोरचा काठही पुसट असतो. ही खूण बाबांनी दाखवली होती. तिच्यामागचं कारण मला मामांनी सांगितलं: छापण्याआधी चकती दाबत फिरवून तिचा काठ उचलतात, आणि एका बाजूचा घास गेलेला असला की समोरच्या बाजूला दाब मिळत नाही. कानस लावलेल्या नाण्याचा समोरचा काठ मात्र ठणठणीत होता.

मुलगा हे सगळं गप्प उभा राहून ऐकत होता. मला त्याच्याकडे बघवेना. बाबांच्या डबीतून मी पंचम जॉर्जचा ब्राँझचा पाव आणा काढला, खरा लाखी, आणि भिंगासकट त्याच्या हातात दिला. एका बाजूला राजाचा चेहरा उंच, दुसऱ्या बाजूला खोल. त्याने बराच वेळ उलटसुलट करून पाहिलं.

“ताई, यात किंमत लिहिलेली कुठंच नाही.”

“नाहीच येणार.”

त्याने आपलं नाणं भिंगाखाली धरलं, पाचचं पोट त्याचं त्यानेच शोधलं आणि मान हलवली. मी नाणं पाकिटात घालून देत होते, तेव्हा म्हणाला, “वर लिहा की दाबलेलं आहे म्हणून. घरात कुणी परत विकायला नको.”

मी निळ्या शाईने ठळक लिहिलं. मामांनी पैंजणाचे पैसे दिले आणि दोघं बोलत बोलतच पायरी उतरले.