बारीक धार

डिसेंबर लागला की आमचे फोन सकाळी सहाला सुरू होतात. निम्मी तक्रार एकच : गिझर लागत नाही. जाऊन पाहावं तर सेल संपलेले. गॅस गिझरला टॉर्चचे दोन मोठे सेल लागतात, हे तीन-तीन वर्षं तो वापरणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. सेल बदलायचे, पाण्याच्या तोंडाची जाळी धुवायची, पुढचं घर.

सिंहगड रोडवरचं हे घर मात्र अजून डोक्यातून जात नाही.

सातवा मजला, वर थेट गच्ची. दार उघडताच मुलगा म्हणाला, “तुम्ही चौथे.” आधी एकानं सेल बदलले होते, दुसऱ्यानं रबर. तिसऱ्यानं ‘सेटिंग’ केलं होतं. हा शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो.

गिझर ड्राय बाल्कनीत होता, ते बरं. बाथरूमच्या आत गॅस गिझर लावायला मी सरळ नाही म्हणतो. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि माणसाला कळतही नाही. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे.

मुलानं गरम नळ पूर्ण सोडला. टक टक टक, भप्प. वाफाळतं पाणी. “बघा, माझ्या वेळेला चालतो. बाबांच्या वेळेलाच याला काय होतं? बरं, गॅसही तेच संपवतात. पंधरा-पंधरा मिनिटं नळ चालू.”

बाबा पलीकडे खुर्चीत. लातूरकडचे, पंचाहत्तरीच्या पुढचे. डाव्या पावलावर पांढरी पट्टी होती. विचारलं तर सूनबाई म्हणाल्या, “ते ‘सेटिंग’ झालं ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. एकदम उकळतं पाणी आलं. तेव्हापासून मी शेगडीवर तापवून देते.”

झाकण उघडलं. ओव्हरहीटच्या सेन्सरच्या दोन वायरी काढून एकमेकींना पिळलेल्या, वर काळी टेप. पाण्याचा व्हॉल्व्ह खोलला तर आतली स्प्रिंग दोन वेढे कापलेली. पाहून हातातला पान्हा खाली ठेवला.

बाहेरच्यांना या स्प्रिंगची कल्पना नसते म्हणून सांगतो. गिझरला नळ उघडल्याचं कळतं ते एका रबरी पडद्यामुळे. पाणी वाहायला लागलं की पडद्याच्या दोन बाजूंच्या दाबात फरक पडतो, पडदा फुगतो, पितळी पिन पुढे ढकलतो आणि मायक्रोस्विच दबतो. मग ठिणगी आणि गॅस. स्प्रिंग त्या पडद्याला मागे रेटून धरते. म्हणजे मिनिटाला अडीच-एक लिटर पाणी वाहत नसेल तर गिझर लागूच नये, अशी ती राखण आहे. स्प्रिंग कापली की गिझर थेंबभर पाण्यावरही पेटतो. गिऱ्हाईक खूश, मेकॅनिक पैसे घेऊन पसार.

गाडीतून नवी स्प्रिंग आणून बसवली, सेन्सर जागेवर जोडला. मग म्हटलं, “आजोबा, पहाटे उघडता तसा नळ उघडा.”

ते उठले, बाथरूममध्ये गेले आणि नळ जरासा फिरवला. करंगळीहूनही बारीक धार. गिझर गप्प.

लिटरभराचा मग धरला, मोबाइलवर वेळ लावली. ५० सेकंद. म्हणजे मिनिटाला १.२ लिटर. आम्ही चौघेही मेकॅनिक नळ पूर्ण सोडूनच गिझर तपासत होतो. ज्याला त्रास होतो त्याला नळ उघडायला सांगावं, हे मलाही पट्टी पाहिल्यावर सुचलं. नाहीतर मीही जाळी धुऊनच गेलो असतो.

हिशेब बघा. हा गिझर ६ लिटरचा, म्हणजे मिनिटाला ६ लिटर पाणी साधारण २५ अंशांनी तापवणारा. पाणी पाचव्या हिश्शानं सोडलं आणि ज्योत तेवढीच राहिली, तर तापमान पाचपट चढणार : १२५ अंश. उकळणारच. नॉब ‘उन्हाळ्या’वर ठेवून ज्योत निम्मी केली तरी ६० अंश चढणार, टाकीतलं पाणी आधीच २० चं. पायावर पडलं ते ८० च्या घरातलं. सेन्सर जागेवर असता तर त्याआधीच गॅस तोडला असता. गिझर सारखा विझतो म्हणून तर ‘सेटिंग’वाल्यानं सेन्सरच काढला होता.

मुलाला गॅसचाही हिशेब सांगितला. २० लिटरची बादली अंघोळीपुरती तापवायला ५० ग्रॅमच्या आसपास गॅस लागतो, धार जाड असो की बारीक. बाबांची एक बादली. तुमचा शॉवर दहा मिनिटं, म्हणजे तीन बादल्या. तो काही बोलला नाही, मोबाइल बघायला लागला.

आजोबांना म्हटलं, “नळ पूर्ण सोडा, बादली भरली की बंद करा. पाणी तेवढंच लागेल.”

“कळतं रे बाळा. पण नळ एवढा सोडवत नाही बघ.”

२०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी यायचं, तेव्हा ते तिथंच होते. घागरी मोजून घर चालवलेलं. त्या मनगटाला मी काय शिकवणार?

मग त्यांनी विचारलं, “शेगडी बारीक होते, स्टोव्ह बारीक होतो. ह्याचीच ज्योत धारेएवढी बारीक का होत नाही?”

इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं मला हे विचारलं नव्हतं. सांगितलं की होते, महागड्या गिझरमध्ये पाणी मोजून गॅस कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. स्वस्तातल्या गिझरला एका मर्यादेखाली ज्योत नेताच येत नाही.

“म्हणजे पाणी वाचवायचं तर आधी महागाचं घ्यायचं.”

त्यावर मी नुसता हसलो.

निघताना मुलानं घासाघीस केली. “पार्ट तर काहीच बदलला नाही तुम्ही.” स्प्रिंग दाखवली. “एवढ्याशा स्प्रिंगचे एवढे?” उकळतं पाणी देणाऱ्याला याच माणसानं न बोलता पैसे मोजले होते.

पंधरा दिवसांनी मीच फोन केला, एरवी करत नाही. सूनबाई म्हणाल्या, “गिझर छान आहे. बाबा आता थंड पाण्यानंच करतात. माझ्यावर कशाला भार, म्हणतात.”

दुकानात एक १० लिटरचा विजेचा गिझर पडून आहे, साठवणीचा. धार कितीही बारीक असू दे, त्याला फरक पडत नाही. टाकीतलं पाणी ६० अंशांपर्यंत न्यायला जेमतेम अर्धं युनिट, त्यात तेवढंच थंड मिसळलं की एक बादली. नुसता चालू ठेवला तर उष्णता वाया जाते, पण आजोबा तो चालू ठेवणारे नव्हेत. कॉइल बदलून, दोन दिवस चालवून पाहिलाय. पण फोन केला तर मुलाला वाटणार, आला धंदा करायला. फुकट दिला तर आजोबा घेणार नाहीत.

चार दिवस झाले, तो काउंटरखालीच आहे.