यंत्राचे पैसे आणि प्रयोगाचे पैसे

सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे उद्योगासाठी सरकारी मदत मिळते का, असे कोणी विचारले की त्याच्या मनात बहुधा बँकेचे कर्ज आणि त्यावरची सबसिडी असते. ते स्वाभाविकही आहे, कारण काजू प्रक्रियेचे युनिट असो वा कोकम सरबताचे, उभारणीच्या वेळी हीच मदत कामी येते. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएमएफएमई योजनेत वैयक्तिक उद्योगाला पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, कर्जाशी निगडित अनुदान ठेवलेले आहे. तिथे यंत्राचे कोटेशन लागते, जागेची कागदपत्रे लागतात, बँकेची मंजुरी लागते, आणि काय बनवायचे व कसे बनवायचे हे आधीच ठरलेले असते. उद्योगाने स्वतः हाती घेतलेल्या संशोधनासाठी सरकार जे अनुदान देते, त्याची जातकुळी याहून वेगळी आहे. या भागातील प्रक्रिया उद्योजकांचे प्रस्ताव वाचून दुरुस्त करून देणे हा माझ्या कामाचा भाग असल्यामुळे मला सतत दिसते ते असे, की संशोधनाच्या नावाखाली आलेले बहुतेक प्रस्ताव यंत्राचेच पैसे मागत असतात आणि म्हणून पहिल्याच चाळणीत गळतात.

काजूच्या बोंडूचेच, म्हणजे बीला जोडून येणाऱ्या रसाळ फळाचेच घ्या. मार्च ते मे या काळात बागेत गेलात तर बी काढून टाकून दिलेल्या बोंडूंचा खच पडलेला असतो, त्यावर माश्या घोंघावत असतात आणि आंबूस वास बांधापर्यंत येतो. बोंडूचे वजन बीच्या कित्येक पट, त्यात क जीवनसत्त्व भरपूर, आणि शेजारच्या गोव्यात त्याच फळाची फेणी होते, जिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. आपल्याकडे मात्र दोन गोष्टी आडव्या येतात: टॅनिन या तुरट द्रव्यामुळे रस घसा धरतो, आणि फळ गळल्यापासून काही तासांतच आंबू लागते. तुरटपणा घालवण्यासाठी रसात साबुदाण्याची पातळ खळ किंवा जिलेटिन घालून टॅनिन तळाशी बसवायचे आणि वरचा रस निथळून घ्यायचा, ही पद्धत जुनीच आहे. परंतु वेंगुर्ला-४ या काजूच्या वाणाच्या रसाला किती खळ पुरते आणि वेंगुर्ला-७ ला किती, सकाळी वेचलेल्या फळाचा रस दुपारी काढला तर काय फरक पडतो, पाश्चरायझेशननंतर चव किती उतरते, भरलेली बाटली कोकणातल्या पावसाळ्यात किती महिने टिकते, याची उत्तरे माहितीपत्रकात सापडत नाहीत. ती आपल्याच शेडमध्ये आपल्याच रसावर काढावी लागतात, आणि ती काढताना हंगामातला माल, मजुरी आणि प्रयोगशाळेची फी पाण्यात जाण्याची पूर्ण शक्यता असते.

असा खर्च छोटा उद्योजक आपणहून का करत नाही, याचे कारण त्याची अनास्था नव्हे. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६२ मध्येच मांडले होते की, नव्या ज्ञानाचा फायदा ते शोधणाऱ्यापुरता राहत नसल्यामुळे खासगी उद्योग संशोधनावर समाजाच्या गरजेपेक्षा कमी खर्च करतात. कुडाळच्या एमआयडीसीत हा सिद्धांत वेगळा शिकवावा लागत नाही. एकाने खळीचे प्रमाण बसवले की पुढच्या हंगामात त्याच्याकडचा कामगार शेजारच्या युनिटमध्ये जातो आणि प्रमाणही त्याच्याबरोबर जाते. प्रयोगाचा खर्च एकाचा आणि लाभ चौघांचा असेल, तर त्या खर्चातला काही वाटा सार्वजनिक तिजोरीतून यावा, एवढाच या अनुदानांमागचा युक्तिवाद आहे आणि तो मला पटतो.

आता पैसे कुठे असतात ते पाहू. जैवतंत्रज्ञान विभागाने २०१२ मध्ये स्थापन केलेल्या बायरॅक या कंपनीच्या बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँटमधून संकल्पना सिद्ध करण्यासाठी १८ महिन्यांपर्यंतच्या प्रकल्पाला ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकते. बोंडूच्या रसावर विकरांची (एन्झाइमची) प्रक्रिया किंवा नियंत्रित किण्वन, म्हणजे आंबवणे, असे जैविक काम असेल तर हा विचार करण्याजोगा मार्ग आहे, निव्वळ सरबत भरायचे असेल तर नाही. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या निधी-प्रयास योजनेत प्रारूप, म्हणजे उत्पादनाचा पहिला चाचणी-नमुना, घडवण्यासाठी १० लाखांपर्यंतची तरतूद आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेचा आकार ९४५ कोटींचा होता आणि तीत संकल्पना, प्रारूप व चाचण्यांसाठी २० लाखांपर्यंत अनुदान इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नवउद्योगांना आधार देणाऱ्या संस्थेमार्फत, देण्याची सोय होती. कृषी मंत्रालयाच्या रफ्तार योजनेतून कृषी स्टार्टअपना संकल्पनेच्या टप्प्यावर ५ लाख आणि बीजभांडवलाच्या टप्प्यावर २५ लाखांपर्यंत मदत ठरवण्यात आली. तंत्रज्ञान विकास मंडळाचे नावही लोक घेतात, पण तिथले मुख्य साधन सवलतीच्या व्याजाचे कर्ज आहे. २०२५ मध्ये केंद्राने मंजूर केलेली एक लाख कोटींची संशोधन-विकास-नवोपक्रम योजना वर्तमानपत्रांत मोठी गाजली, परंतु तिचा भर दीर्घ मुदतीच्या, अल्प किंवा शून्य व्याजाच्या वित्तपुरवठ्यावर आहे. बोंडूवाल्याने तिकडे डोळे लावून बसण्यात अर्थ नाही.

यातल्या बहुतेक दारांशी एक उंबरठा आहे, ज्याला आपल्याकडचे लोक हमखास अडखळतात. स्टार्टअप म्हणून मान्यता हवी असेल तर प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) किंवा नोंदणीकृत भागीदारी यांसारखे रूप लागते, आणि आपल्या भागातली कितीतरी युनिटे वडिलांच्या नावावरची एकल मालकीची आहेत किंवा बचत गटाची आहेत. प्रयोग करण्याची खरी उत्सुकता मला अनेकदा बचत गटांतल्या बायकांमध्ये दिसते, पण योजनेच्या नजरेत त्या बसत नाहीत. योजना आखणाऱ्यांना शहरातला लॅपटॉपवाला तरुण दिसतो, पाटावर बसून आमसुले वळणारी बाई दिसत नाही, असे म्हटले तर ते फारसे अन्यायाचे होणार नाही.

प्रस्तावाच्या मजकुराविषयी थोडे सविस्तर. अलीकडे माझ्याकडे आलेल्या एका मसुद्यात उद्दिष्ट म्हणून लिहिले होते, ‘काजू बोंडूपासून दर्जेदार पेय तयार करून स्थानिकांना रोजगार देणे.’ हेतू उत्तम आहे. पण त्यात शोधण्यासारखे काय आहे, हे परीक्षकाला कळत नाही. तोच मसुदा आम्ही असा बदलला: फळ वेचल्यापासून रस काढेपर्यंत दोन, चार आणि आठ तास जाऊ दिल्यास टॅनिन व आम्लता किती बदलते हे मोजणे, खळीची तीन प्रमाणे दोन वाणांवर तपासून निथळ रसाचा उतारा नोंदवणे, त्यातून निवडलेल्या पद्धतीने भरलेल्या बाटल्या सहा महिने साध्या तापमानाला ठेवून दर महिन्याला सूक्ष्मजीव तपासणी करणे, आणि बाटलीमागे खर्च ठरावीक मर्यादेबाहेर गेला तर तो मार्ग सोडून देणे. शेवटचे वाक्य उद्योजकाला खटकले, कारण अपयशाची भाषा अर्जात कशाला, असे त्याचे म्हणणे होते. माझ्या मते अर्जातले सर्वांत वजनदार वाक्य तेच होते. यंत्रावरची सबसिडी घेऊन यंत्र न चालवणे हा दोष आहे. संशोधनाचे अनुदान घेऊन, प्रामाणिक नोंदी ठेवून, ‘हे जमत नाही’ असे सिद्ध करणे हा दोष नाही. तपासणीसाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठासारख्या संस्थेची साथ आधीच लेखी घेतलेली असली तर अर्ज आणखी भक्कम होतो.

पैसे मंजूर झाल्यानंतरची शिस्तही वेगळी असते. रक्कम हप्त्यांनी येते, आणि पुढचा हप्ता आधीच्या टप्प्याच्या अहवालावर व पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याच्या उपयोगिता प्रमाणपत्रावर अवलंबून असतो. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांनुसार अनुदानाच्या रकमेवर मिळालेले व्याजसुद्धा सरकारजमा करायचे असते, म्हणून स्वतंत्र बँक खाते आणि पहिल्या दिवसापासून वेगळी वही ठेवणे शहाणपणाचे. शिवाय २०१५ पासून आयकर कायद्यात अशी मदत सामान्यतः उत्पन्नात धरली जाते, काही अपवाद सोडून. सीएला हे अनुदान स्वीकारण्याआधी विचारावे, विवरणपत्र भरताना नव्हे.

अमेरिकेत छोट्या उद्योगांच्या संशोधनाला अनुदान देणारा एसबीआयआर हा कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला. तिथल्या ऊर्जा खात्याच्या अनुदानांचा सॅब्रिना हॉवेल यांनी केलेला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मला फार बोलका वाटतो. पहिल्या टप्प्यातल्या लहान अनुदानाने कंपनीला पुढे साहसी भांडवल (व्हेंचर कॅपिटल) मिळण्याची शक्यता जवळपास दुप्पट झाली, तर दुसऱ्या टप्प्यातल्या मोठ्या रकमेचा तसा परिणाम दिसला नाही. आणि पहिल्या टप्प्याचा उपयोग सरकारी शिक्क्यामुळे नव्हे, तर प्रारूप बनवून तपासता आल्यामुळे झाला, असा त्यांचा निष्कर्ष आहे. कोकणासाठी मी यातून असे अनुमान काढतो की, ५० लाखांच्या एका अनुदानापेक्षा दोन-तीन लाखांची पंधरा-वीस अनुदाने, एकल मालकीच्या युनिटांना आणि बचत गटांनाही खुली असलेली आणि कृषी विद्यापीठाच्या केंद्रांमार्फत दिली जाणारी, इथे कितीतरी अधिक काम करतील.

राहता राहिला हंगामाचा प्रश्न, आणि तो कोणत्याही मार्गदर्शक पुस्तिकेत नसतो. माझ्या परिचयातल्या एका उद्योजकाला एका कार्यालयाकडून मिळायचा हप्ता जूनमध्ये आला, तेव्हा बागेत बोंडू शिल्लक नव्हता आणि कागदोपत्री प्रकल्पाची मुदत मात्र चालूच होती. आंबा, काजू, कोकम यांवर काम करणाऱ्याने म्हणूनच वेळापत्रक महिन्यांत न मांडता हंगामांत मांडावे, मंजुरीला काही महिने लागणार हे धरून शक्यतो पावसाळ्यातच अर्ज करावा, आणि पैसे एप्रिलनंतर आले तर मुदत पुढच्या मेपर्यंत वाढवून मिळावी, अशी विनंती करारावर सही करण्यापूर्वीच लेखी देऊन ठेवावी.