बिंदू जमते ना तुमाले?

बिंदूच्या चित्रांसाठी गाजलेले चित्रकार सय्यद हैदर रझा नागपूरच्या चित्रकला शाळेत शिकले, हे मी एलिमेंटरीला बसणाऱ्या पोरांना दरवर्षी सांगतो. पुढं ते पॅरिसला राहिले, पण आर्वीकडच्या पोरांना पॅरिस कळत नाही, नागपूर कळतं. लहानपणी शाळेत त्यांचं लक्ष लागेना, तेव्हा गुरुजींनी भिंतीवर ठिपका काढला आणि याच्याकडं पाहत बस म्हणाले, हेही सांगतो. पोरं मग वहीभर ठिपके काढतात.

पुढचं सांगत नाही. 2009 मध्ये दिल्लीत रझा स्वतःच्याच चित्रांच्या प्रदर्शनाला गेले, तर भिंतीवर एकामागून एक नकली चित्रं. चित्रकार जिवंत, समोर उभा, तरी ही तऱ्हा! पुढच्याच वर्षी त्यांचं ‘सौराष्ट्र’ लंडनच्या लिलावात 16 कोटींच्या वर गेलं. एवढा पैसा दिसल्यावर ठिपके काढणारे कमी पडतात थोडेच.

पण नुसता हात साफ असून भागत नाही. आमच्याकडं बोगस बियाण्याचं असतं तसंच: सरकी कोणतीही भरा, पाकीट अन् बिल चोख पाहिजे. जर्मनीत नकली चित्रं काढणाऱ्या बेल्ट्राचीनं बायकोला तिच्या आजीसारखं नटवलं, मागं आपलीच चित्रं टांगली आणि जुन्या कागदावर फोटो छापला. झाली चित्रं खानदानी! तज्ज्ञही फसले. अडकला तो पांढऱ्या रंगात. 1914 चं म्हणून विकलेल्या चित्रात टायटॅनियम व्हाइट निघालं. तेव्हा ते चित्रकारांना मिळतच नव्हतं. त्यानं वापरलेल्या रंगाच्या ट्यूबवर ते असल्याचं लिहिलेलंच नव्हतं म्हणे. म्हणजे त्यालाही पाकिटानंच फसवलं. 2011 मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली.

न्यूयॉर्कच्या नोडलर गॅलरीकडच्या नकली मालात तर अमेरिकन चित्रकार पोलॉकच्या सहीत एक अक्षर गळालेलं चित्रही निघालं. गिऱ्हाइकांनी मोजले लाखो डॉलर, काढणाऱ्याच्या हाती चित्रामागं फार तर काही हजार.

यंदा एका लग्नात पंगतीला शेजारी एक फ्रेमवाला बसला होता. हळूच म्हणाला, “सर, रझाचा काया बिंदू जमते ना तुमाले? कॅनव्हास माहा, रंग माहे.”

“अन् सही?”

“ते मी पाहून घेतो. कागदं तयारच हायेत.”

चित्राचा पत्ता नाही अन् कागदं तयार! भाव विचारला. पंधरा हजार. म्हटलं, काढतो, पण खाली नाव माझं राहीन.

त्यानं बुंदीचा घास तोंडातच धरला.

“मंग कोन घेईन ते?”